पत्र्याखालचं मैदान

कोल्हापूर

अकोल्याहून कोल्हापूरला जायचं म्हणजे आख्खा महाराष्ट्र आडवा तुडवायचा. तो प्रवास मी सांगत बसत नाही. डब्यातला पंखा बंद होता आणि समोरच्या बाकावरचे काका घोरण्यात पटाईत होते, एवढं सांगितलं की पुरे.

मी खेळाची शिक्षिका. सगळी नोकरी गळ्यात शिट्टी अडकवून उन्हात काढली. मुलींना खो-खो शिकवला, आणि त्यासाठी शाळेमागचा जो काट्याकुट्यांचा तुकडा मिळाला होता त्याला भिंत घालून द्या म्हणून इतके अर्ज केले की शेवटी साहेब मला बघून टेबलाखाली वाकायचे. भिंत काही झाली नाही. त्यामुळे खेळासाठी सरकारने कुठे पैसा घातला असं ऐकलं की मला आधी हेवा वाटतो आणि मग शंका येते.

शैला आणि मी अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात एका खोलीत राहिलो. ती मूळची कराडकडची. लग्न होऊन कोल्हापूर जिल्ह्यात गेली, पेठ वडगावजवळच्या एका गावात. गावाचं नाव मी लिहिणार नाही. निघताना सरपंचांनी तसं हात जोडून सांगितलं, आणि का सांगितलं ते पुढे कळेलच. शैला दरवर्षी यात्रेला बोलवायची आणि मी दरवर्षी टाळायची. यंदा मात्र फोनवर तिचा आवाज वेगळा होता. "ये गं सुमन. यंदा मैदान होतंय की नाही, म्हणून सगळ्या गावाचा जीव टांगणीला लागलाय." मला वाटलं, गावात पोरांसाठी ग्राउंड होतंय. खेळाच्या बाईला आणखी काय हवं? पिशवी भरली आणि निघाले.

कोल्हापुरात एक दिवस मुक्काम केला. संध्याकाळी दूध कट्ट्यावर गेले. शहराच्या भर वस्तीत म्हशी उभ्या, आणि ग्लास पुढे केला की धार थेट ग्लासात. आमच्या घरी न तापवलेलं दूध तोंडाला लावलं तर पाठीत धपाटा बसायचा. इथे बँकेतून सुटलेली माणसं मिशीला फेस लावून उभी होती. मी एक ग्लास संपवला, तर गवळी म्हणाला, एका ग्लासाने काय होतंय. पाहुण्याने नाही म्हणू नये म्हणून दुसराही घेतला. त्या दुसऱ्या ग्लासाने मला कसं नाचवलं ते लॉजच्या भिंतींनाच माहीत.

सकाळी पोट धरून खासबाग मैदान बघायला गेले. संस्थानच्या काळात महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान. जमिनीत खोलगट वाडगं असावं तशी जागा, मधोमध मातीचा हौद आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेल्या बसायच्या जागा. त्या दिवशी कुस्ती नव्हती. मी मुद्दाम सगळ्यात मागे जाऊन बसले. हौदातल्या तांबड्या मातीवर एक कबूतर चालत होतं आणि त्याचे पाय मला तिथून दिसत होते.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ कागदातून भडंग खात होते. त्यांनी न विचारता मूठभर माझ्या हातावर ठेवलं आणि न विचारताच माहिती दिली. हे सगळं खजिन्यातून बांधलं म्हणे. खजिना म्हणजे रयतेचाच पैसा, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "व्हय की. पर राजा असूं दे न्हाय तर हमाल, कुठं बी बसला तरी दिसतंय सारखंच. पैसं रयतेचं हुतं ह्ये बांधणाऱ्याच्या ध्यानात हुतं." मी मान डोलावली आणि भडंग खाल्लं. हे बोलणं मला नंतर फार आठवणार होतं.

एसटीत

वडगावकडच्या गाडीत कंडक्टर बोलका निघाला. पावणं कुठलं, कुणाकडं, किती दिवस, सगळं त्याने तिकीट देता देता काढून घेतलं. मीही गप्पांत मागे नव्हते. यात्रेत कुस्त्या असतात हे शैलाकडून ऐकलं होतं. आमच्या वऱ्हाडात कुस्त्यांच्या फडाला दंगल म्हणतात. मी आपलं सवयीने मोठ्यांदा विचारलं, "मग यात्रेत दंगल कोणत्या दिवशी आहे?"

गाडीतल्या चार माना वळल्या. कंडक्टरचा चेहरा उतरला. "दंगल? न्हाय न्हाय बाई, आमच्या भागात तसलं काय न्हाय. कुणी सांगितलं तुमास्नी?"

मी कुस्ती, पैलवान, माती, असं हातवारे करून सांगितलं तेव्हा कुठे गाडीचा जीव भांड्यात पडला. "मग मैदान म्हना की," कंडक्टर म्हणाला, आणि वडगाव येईपर्यंत हसत राहिला. तेव्हा मला कळलं, की शैला फोनवर ग्राउंडबद्दल बोलतच नव्हती. इकडे जागेला माळ म्हणतात, फार तर ग्राउंड म्हणतात. मैदान म्हणजे खुद्द कुस्त्या. मैदान ठरतं, मैदान भरतं, मैदान गाजतं, मैदान संपतं. ते कुठे बांधलेलं नसतं.

एवढ्याशा शब्दावरून माझं हसू झालं होतं. त्याच शब्दावरून त्या गावाचं काय झालं होतं, ते मला दुपारी समजलं.

गावात

शैलाचं घर देवळाच्या बोळात. तिचा मुलगा आणि सून दूध संकलन केंद्र चालवतात, त्यामुळे घराला कायम ओल्या कॅनचा वास. घरात मोठं माणूस एकच, शैलाचे सासरे. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. आबा हे तालमीचे वस्ताद. वय झालं तरी पाठ ताठ, कान कुस्तीने फुटून मुडपलेले, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघायची सवय. माणूस कुठून धरता येईल ते बघत असावेत, असं मला पहिल्यांदा वाटलं. घरात धाकटं माणूसही एकच, शैलाची नात अनुजा. आठवीत असेल. तिने मला वाकून नमस्कार केला तेव्हा तिचं मनगट बघूनच मी ओळखलं, की ही कुस्ती खेळते.

जेवायला भाकरी, खर्डा, वांग्याची भाजी आणि वाटीभर तूप. खर्ड्याशी माझी जुनी दोस्ती. आमच्या ठेच्याचाच तो चुलतभाऊ, फक्त आवाज मोठा. जेवण झाल्यावर शैला म्हणाली, चल, पत्रा दाखवते.

देवळामागे गेलो आणि मी थबकले. शेताच्या कडेला, उसाच्या हिरव्या फडांमध्ये, निळ्या पत्र्याचं एक अवाढव्य स्टेडियम उभं होतं. पुढे काँक्रीटचं पार्किंग, त्यात एकही गाडी नाही. काचेची दारं, दारांना साखळी, साखळीला कुलूप. वर एका संघाच्या खेळाडूंची मोठमोठी चित्रं; त्यातला एकही कोल्हापूरचा नव्हता.

शैलाने पार्किंगच्या कडेला बसून सगळं सांगितलं. ही जागा गावाचा माळ होती. यात्रेचं मैदान पिढ्यान्‌पिढ्या इथेच भरायचं. मधोमध हौद होता. त्याच्या मातीत गावाने वर्षानुवर्षं ताक, हळद, लिंबू, काव आणि तेल मुरवलेलं. मैदानाचा खर्च गावच्या वर्गणीतून, घरटी. कुणी रोख द्यायचं, कुणी गुळाची ढेप, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो हौद खणायला यायचा. बघायला तिकीट कधीच नव्हतं. पैलवानांना बक्षीस मिळायचं आणि गावाला वर्षभर पुरेल एवढी चर्चा.

मग एक दिवस ग्रामसभेला बाहेरून साहेब आले. खेळांसाठी सरकारची मोठी योजना होती. त्यांनी विचारलं, तुम्हाला कुस्तीचं मोठं मैदान पाहिजे का, सगळा खर्च सरकार करील. साहेब शहराकडचे. त्यांच्या तोंडी मैदान म्हणजे बांधकाम. गावाच्या कानी मैदान म्हणजे कुस्त्या. गावाला वाटलं, यंदापासून बक्षिसं सरकार देणार, पंजाबचे पैलवान आणणार. सगळ्यांनी हात वर केले.

"कुणाला शंका नाही आली?" मी विचारलं.

"जेसीबी आला तेव्हा आली," शैला म्हणाली.

तरीही गावाने समजून घेतलं. एवढं मोठं फुकटात होतंय, यात्रेचे दोन दिवस तरी आपलेच, असं साहेब म्हणाले होते. स्टेडियम उभं राहिलं, आणि पुढे ते व्यावसायिक कुस्ती लीगच्या एका संघाला चालवायला दिलं गेलं. संघाचा मालक मुंबईचा. सामने मॅटवर, दिव्यांत, तिकीट लावून. गावातली पोरं एकदा हौसेने गेली, तर दारावरच्या माणसाने तिकीट मागितलं. ज्याच्या बापजाद्यांनी त्या जागी फुकट कुस्त्या बघितल्या, त्याने त्याच जागी, त्याच्याच करातून बांधलेल्या दारात, तिकिटासाठी रांग लावायची. मला माझी न झालेली भिंत आठवली आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. इथे भिंतीच भिंती होत्या.

गेल्या दोन यात्रा मैदानाशिवाय गेल्या. मातीने हॉल खराब होतो, असं संघाच्या माणसांनी कळवलं. यंदा तर यात्रेच्याच सुमाराला त्यांचे सामने लागणार होते, म्हणून कुलूप काढायचंच नाही असा निरोप होता.

"आणि हौदाची माती?" मी विचारलं.

शैलाने गावाकडे हात केला. जेसीबी आल्यावर आबांनी हलगी वाजवून दवंडी दिली होती. प्रत्येक घराने हौदातली घमेलंभर माती घरी न्यावी आणि जपावी, मैदान भरेल तेव्हा परत आणावी. मी बोळातून परत येताना बघत गेले. कुणाच्या दारात तुळशीच्या कुंडीत, कुणाच्या ओसरीखाली पोत्यात, कुणाच्या गोठ्यात पत्र्याच्या डब्यात, ती तांबडी माती. वर्गणी काढतात तशी गावभर वाटून ठेवलेली.

सोप्यात

यात्रेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शैलाच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, माणसं जमली. सरपंच होते, तरुण पोरं होती. सरपंच मवाळ माणूस, दोन्हीकडून बोलणी खाऊन वाळलेला. पोरांचं म्हणणं सरळ होतं. उद्या सकाळी कुलूप तोडायचं, घराघरातली माती आत न्यायची, मॅटवर ओतायची आणि मैदान घ्यायचं. जागा आपली, पैसा आपला, माती आपली. फक्त आबांनी हो म्हणायचं.

खरं सांगते, मला ते पटलं होतं. मनातल्या मनात मी शिट्टीसुद्धा वाजवली.

 आबांनी आपला उजवा हात वर केला आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "सभेत पैला हात ह्यो हुता. वस्तादानं हात वर केला म्हनून गावानं केला. माझ्या हातानं मैदान गेलं. मरायच्या आदी ह्याच हातानं एक मैदान त्या जाग्यावर लावलं, म्हंजे झालं."

 सरपंच खाली बघत होते. मला वाटलं, ठरलं आता.

तेवढ्यात आतल्या दारातून अनुजा बाहेर आली. पोरीला मोठ्यांच्या बैठकीत बोलायची तिथे रीत नाही, हे तिच्या आजीच्या चेहऱ्यावरून मला कळलं. ती उंबऱ्यात उभी राहिली. स्टेडियमचं एकच भलं गावाला मिळालं होतं. भागातल्या मुलींना रोज सकाळी तासभर मॅटवर सराव करू देत असत. अनुजा त्यातली एक. पुढच्या महिन्यात तिची निवड चाचणी होती.

"आबा," ती म्हणाली, "मॅटवर माती पडली की आमचा सराव बंद. त्ये लोक परत दार उघडणार न्हाईत. मग मी कुठं जाऊ?"

कुणीतरी पोरगा म्हणाला, तालमीत ये. तो सहज म्हणाला असेल. पण ते ऐकून ती आबांकडेच वळली.

"तुमच्या मातीत मला एकदा तरी घेतलासा का, आबा?"

तालमीत बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही, ही तिथली जुनी रीत. मारुतीची जागा. आबांनी पणतीला डाव शिकवले होते ते अंगणात, तोंडी, हातवारे करून. शैलाने मला इथे आल्यावर सांगितलं होतं, की मैदानसुद्धा बायकांनी देवळाच्या गच्चीवरूनच बघायचं, आणि तिने लग्नानंतर सगळी मैदानं तिथूनच बघितली. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली माझी मैत्रीण. मी इतका वेळ कुलपावर चिडले होते. हे कुलूप माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

 आबा उठले, काठी घेतली आणि बाहेर गेले. बैठक तशीच मोडली. अनुजा रडली नाही. गोठ्यात जाऊन म्हशींना वैरण घालत बसली. शैला मला म्हणाली, "माझ्या तोंडचं बोलली गं ती. मला कधी जमलं नाही."

यात्रेचा दिवस

सकाळी गाव देवाला नैवेद्य दाखवायच्या गडबडीत होतं तेव्हाच आबांचा निरोप फिरला. कुलपाला कुणी हात लावायचा नाही. मैदान बाहेर, दाराच्या समोर, पार्किंगमध्ये घ्यायचं. पोरं धुसफुसली, पण वस्तादाच्या पुढे कुणी गेलं नाही.

आणि मग मी जे बघितलं ते या सगळ्या प्रवासात विसरता न येणारं. हलगी आणि घुमकं वाजायला लागलं आणि घराघरातून माणसं डोक्यावर घमेली घेऊन निघाली. नवे कपडे, कपाळाला गुलाल, डोक्यावर माती. म्हाताऱ्या बायका तुळशीची कुंडीच्या कुंडी घेऊन आल्या. तुळस अलगद काढून मुळांची माती झटकून दिली. पार्किंगमध्ये विटांचा चौकोन लावला होता, त्यात एकेक घमेलं रितं होत होतं. शेजारच्या गावांचे पैलवान लांग कसून उभे होते. स्टेडियमच्या पायऱ्यांवर गर्दी बसली. कुणी वर, कुणी खाली, तिकीट नाही. काचेच्या दारामागे राखणदार उभा राहून बघत होता, आणि त्याच्यासाठी सुद्धा कुणीतरी प्रसादाचा पेढा दाराच्या फटीतून सरकवला. शैलाने माझा हात धरला आणि आम्ही गच्चीवर न जाता पायऱ्यांवरच बसलो. एक-दोघांनी वळून बघितलं. शैलाने पदर सारखा केला आणि बघणाऱ्यांकडे बघितलं.

सगळी माती पडली. दोघांनी ती फावड्याने सारखी केली. आबा फेटा बांधून, धुतलेल्या धोतरात पुढे आले. नारळ फोडण्याआधी वस्तादाने माती तपासायची असते. ते खाली बसले आणि त्यांनी हात मातीत घातला.

हात मनगटापर्यंत गेला आणि थांबला.

त्यांनी दुसऱ्या जागी घातला. तिथेही तेवढाच. चारी कोपऱ्यांत जाऊन बघितलं. हलगीवाला बघत होता. त्याची टिपरी हळू होत होत थांबली. हौद म्हणजे पोटरीएवढी खोल, भुसभुशीत माती लागते, पैलवान वरून आपटला तरी झेलणारी. घरटी घमेल्याने हौद आला कुठून भरायचा? निम्मी माती तेव्हाच काँक्रीटखाली गेली होती. काही कुंड्यांत मुळांनी खाल्ली होती, काही पावसात वाहिली होती. जे उरलं होतं ते काँक्रीटवर अंथरलेल्या घोंगडीएवढं होतं.

पोरांनी तोडगे काढले. खाली उसाचा पाला टाकू, पोती टाकू, शेतातली माती आणू. बाहेरून आलेले पैलवान म्हणाले, आम्ही सांभाळून खेळू. सरपंचांनी तर हात जोडले. एवढं गाव जमलंय आबा, एक तरी कुस्ती लावा. आबा मातीत उकिडवे बसूनच ऐकत होते. त्यांचं ते एक मैदान त्यांच्या बोटांखाली होतं, आणि त्यांनी नुसतं हो म्हटलं असतं तरी सगळं गाव टाळ्या वाजवणार होतं. मला वाटलं, म्हणतील. मीच म्हटलं असतं.

ते उठले. ध्वनिक्षेपक घेतला नाही, तरी मागच्या पायरीपर्यंत ऐकू आलं.

"एवढ्या मातीवर माणूस आपटायचा न्हाय. कुणाच्या तरी पोराची मान मोडंल. एकदा बगितल्याबिगर हात वर केलता. आता करायचा न्हाय." थोडं थांबून म्हणाले, "मैदान न्हाय."

पायऱ्यांवर शेकड्यांनी माणसं होती आणि उसाच्या पाल्याची सळसळ ऐकू येत होती. माझ्या पलीकडे बसलेला एक आडदांड माणूस टोपीने डोळे पुसत होता. मीही पुसले, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

बाहेरच्या पैलवानांना आबांनी एकेकाच्या हातात मानाचा नारळ दिला. मग त्यांनी लहान पोरांना बोलावलं. मैदानाची सुरुवात रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते, चार-पाच वर्षांची पोरं खेळतात आणि जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या. ती अंगाने हलकी, त्यांना मनगटाएवढी माती पुरते. पाच-सहा जोड्या लागल्या. पोरं एकमेकांच्या चड्ड्या ओढून पडली, हरलेल्यांनाही रेवड्या मिळाल्या, गाव थोडं हसलं. मग आबांनी हात जोडले आणि हलगी बंद झाली.

माणसं पुन्हा घमेली भरायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. येताना आणली होती, जाताना घेऊन निघाली. शैलाने तिचं घमेलं भरलं तेव्हा त्यात दोन रेवड्याही आल्या. तिने त्या काढल्या नाहीत.

पत्र्यात

दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. पहाटे अनुजा सरावाला निघाली तेव्हा मीही म्हटलं, चल, तुझं मॅट तरी बघू. खेळाच्या बाईची खोड. आम्ही बोळाच्या तोंडाशी पोहोचलो तर आबा काठी टेकत उभे होते. कुठे निघालात विचारायची हिंमत दोघींनाही झाली नाही. ते आमच्याबरोबर चालायला लागले.

स्टेडियम झाल्यापासून ते त्या दारात एकदाही गेले नव्हते. राखणदाराने साखळी काढली. आत गार होतं आणि पांढरा उजेड होता. मधोमध निळ्या-पिवळ्या रंगाचं मॅट. आबांनी बाहेरच वहाणा काढल्या होत्या. मॅटच्या कडेला ते वाकले, सवयीने दोन बोटं टेकवली आणि कपाळाकडे नेली. मग बोटं नाकाजवळ धरली. त्यांना कसलाच वास आला नसणार.  ते भिंतीला टेकून मांडी घालून बसले.

मुलींनी अंग गरम केलं, जोड्या लागल्या. अनुजाने एकीला खांद्यावरून घ्यायचा प्रयत्न केला, दोनदा फसला. तिसऱ्यांदा ती वाकली तेव्हा मागून आबांचा आवाज आला, तो सगळ्या पत्र्यात घुमला.

"हाताला न्हाय, कमरंला धर. आनि पाय आत घाल की गं!"

तिने पाय आत घातला. समोरची मुलगी पाठीवर पडली, धप्प. अनुजाने वळून आबांकडे बघितलं. आबा तिच्याकडे बघत नव्हते. मॅटच्या मधोमध, जिथे ती मुलगी पडली होती, तिथे बघत होते.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. ते मला हळू म्हणाले, "बाई, जागा तीच हाय. हौद हितंच हुता."

मी निघणार म्हणून सरपंच तिथेच आले आणि स्टेडियमच्या दारात त्यांनी मला हात जोडले. तुम्ही लिहिता असं शैलावैनींनी सांगितलं, म्हणाले. गावाचं नाव तेवढं घालू नका. लीगच्या माणसांना राग आला तर पोरींची सकाळ बंद करतील. पुढच्या वर्षी यात्रेला दार उघडतील अशी अजून आशा आहे. एवढं सरकारी पैशाचं बांधकाम, आणि त्याच्या दारात गावचा सरपंच असा आशेवर उभा. मी कबूल केलं.

वडगावहून कोल्हापूरची गाडी पकडली, तर कंडक्टर तोच. त्याने मला ओळखलं, जागा करून दिली आणि तिकिटाच्या यंत्रावर बोट ठेवून हसत विचारलं, "काय बाई, झालं का मैदान?"

मी काचेतून मागे बघितलं. उसाच्या वर तो निळा पत्रा अजून दिसत होता.

"बांधून झालंय," मी म्हटलं. "व्हायचं राहिलंय."